व्हरांड्यातली जुरी

“मग तिला आणखी कुठं बसवायचं होतं, गुरुजी?”

लालसू पुंगाटीचा आवाज चढला. डोमाजी गुरुजी अंगणात पळसाच्या पानांचे द्रोण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

लालसू त्यांचाच विद्यार्थी. गुरुजींनी शिकवलं त्या जंगलातल्या गावातून शिकून पुढं गेलेला पहिला माडिया मुलगा. आता गावातल्या त्याच शाळेत मास्तर. गेल्या साली जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला होता, आणि त्या पुरस्काराचा विषय काढल्याशिवाय लालसूचं बोलणं संपत नसे.

“कोणाला रे?”

“जुरीला. आठ वर्षांची आहे. तिचा बाप बंदूकवाल्यांबरोबर जंगलात गेला. पुढं त्याच्याच टोळीनं गावातल्या मट्टामीला खबऱ्या ठरवून मारलं. मट्टामीचा पोरगा चैतू जुरीच्याच वर्गात आहे. बाया म्हणतात, ती पोरगी आत बसली तर आमची पोरं शाळेत यायची नाहीत.”

“मग?”

“मग मी तोड काढली. जुरी व्हरांड्यात बसते. तिला वेगळा तासभर शिकवतो. वाचनात सगळ्यांच्या पुढं आहे, गुरुजी! शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा खूश झाले.”

गुरुजींनी पुढचं पान उचललं.

“बोला ना. चुकलं का माझं?”

गुरुजींनी त्या पानात काडी टोचली.

“हे करताना कोणाकोणाला विचारलंस?”

“गावपाटलाला. सगळ्या आयांना. जुरीच्या आजीलाही.”

“चैतूला?”

लालसू हसला. “नऊ वर्षांचं पोर ते. त्याला काय विचारायचं?”

गुरुजींनी हातातला द्रोण खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

लालसूचं हसू ओसरलं.

ही नजर त्याच्या ओळखीची होती. तो सहा वर्षांचा होता तेव्हाची. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजी नव्यानेच ब्रह्मपुरीकडून बदलून आलेले, त्यांना माडियाचा एक शब्द येत नव्हता. वर्गात सगळ्यात मागं दडून बसलेल्या लालसूसमोर ते उकिडवे बसले होते. लोट्यातलं पाणी दाखवून खुणेनं विचारलं होतं, तुमच्यात याला काय म्हणतात?

“एर,” लालसू पुटपुटला.

“येल?”

अख्खा वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले. पण हटले नाहीत, पुन्हा विचारलं. लालसूनं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. स्वतःची जीभ वळेपर्यंत तो एवढा थोरला माणूस त्याच्याकडे असाच बघत होता. त्याआधी लालसूला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं...

लालसू उठला. चहासाठीसुद्धा थांबला नाही.

महिन्याभरानं आला तेव्हा पुरस्काराचं नाव निघालं नाही.

“चैतूला विचारलं, गुरुजी. जुरी आत बसलेली चालेल का म्हणून.”

“काय म्हणाला?”

“काहीच नाही. दोन दिवस माझ्याशी बोललाच नाही. मला वाटलं, उगाच जखम खरवडली. तिसऱ्या दिवशी त्यानं आपलं बसकर उचललं आणि व्हरांड्यात जाऊन बसला. जुरीपासून दोन हात लांब. तिच्याकडे पाहिलं नाही. पण उठलाही नाही.”

“मग?”

“दुपारी त्याची आई आली. मी म्हटलं, आता हात धरून ओढत नेते. ती कुंपणाशी उभी राहिली. बराच वेळ. मग पदर तोंडाला लावला आणि आली तशी परत गेली.”

गुरुजींनी खोल श्वास घेतला.

“दुसऱ्या दिवशी चैतूचा मित्र बाहेर गेला. मग एकेक करत सगळीच. आता मी रोज म्हणतो, आत चला रे. तर म्हणतात, जुरीला आत यायची भीती वाटते, तोवर आम्ही इथंच बसतो.”

लालसूनं दोन्ही हात पसरले.

“सगळा वर्ग रिकामा पडलाय, गुरुजी. आत मी एकटाच उभा. काय करू?”

“फळा बाहेर ने.”