उसन्या विरजणाचं राज्य

एका राज्यात राजाच्या पोटी राजा जन्मत नसे. तिथे राजा विरजावा लागे.

रीत अशी होती. दर बारा वर्षांनी जुना राजा मुकुट उतरवून ठेवी, काठी हाती घेई आणि वनात निघून जाई. मग चावडीपुढे दुधाने भरलेले दोन रांजण मांडत. दोन उमेदवार, दोघांच्या नावाचा एकेक रांजण, आणि दोन्हींवर मिळून एकच पांढरी चादर. घरटी एक माणूस पळीभर विरजण घेऊन येई, चादरीखाली हात घाली आणि आपल्या मनातल्या रांजणात पळी उलटी करी. कुणाची पळी कुठे पडली, ते त्या हाताला ठाऊक आणि चादरीला ठाऊक. उन्हं कलेपर्यंत ज्याचं दही घट्ट लागे, तो राजा. दुसऱ्या रांजणातलं दूध दूधच राही. त्याची खीर होई आणि हरलेला माणूस ती आपल्या हाताने वाढी. खीर वाढता वाढता राग कुणाला धरता येतो?

आणखी एक नियम होता. विरजण आपल्या घरचं चालत नसे. ते शेजाऱ्याकडून उसनंच आणावं लागे. ज्याला शेजारी पळीभर विरजण देईना, त्याने राज्यासाठी राजा निवडावा तरी कसा?

या राज्याच्या उत्तरेला वज्रकेतू राजा राज्य करी, दक्षिणेला हेमांगी राणी. दोघांचं नातं म्हणजे आज व्याही, उद्या वैरी. पौर्णिमेला एका ताटात जेवत, अमावास्येला एकमेकांची गावं जाळत. दोघांनाही हवी होती ती या राज्याची खिंड, कारण तिच्यातून जो जाईल तो दुसऱ्याच्या उरावर बसेल. खिंडीला लोखंडी कवाड होतं. ते राजाचा हात लागल्याशिवाय मिटत नसे. म्हणजे राजा नसला, की कवाड सताड उघडं.

वज्रकेतू आणि हेमांगी, दोघांच्याही पंक्तीला जेवणारा एक मांत्रिक होता. त्याचं नाव क्षारनाथ. तो दोघांनाही वेगवेगळं गाठून म्हणाला, "लढता कशाला? त्यांना राजाच निवडता येऊ नये, एवढं करतो." आणि त्याने निवडीच्या वर्षी या राज्याला मैत्रीची भेट म्हणून शंभर साळुंक्या पाठवल्या, पितळी पिंजऱ्यांत, फुकट.

फुकट म्हटल्यावर पहिला पिंजरा कुणी घेतला? कुंभारआळीतल्या सारजाबाईने.

सारजाबाई स्वभावाने लोण्यासारखी, पण तिचे कान सदा दुसऱ्याच्या भिंतीला. कुणाची सून कधी रुसली, कुणाच्या चुलीवर आज काय शिजलं, कुणाच्या गाईला किती महिने झाले, सगळं तिला ठाऊक. रात्रीअपरात्री कुणाचं पोर कण्हलं, तरी काढा घेऊन दारात पहिली हीच उभी. तिचा नवरा रखमाजी खिंडीतल्या साठ भालाइतांपैकी एक होता. घर सुनं सुनं. तिने साळुंकी ओसरीवर टांगली आणि दिवसभर तिच्याशी बोलत बसली. आळीतल्या बाया पाणी भरून येता-जाता थांबत, साळुंकीशी दोन शब्द बोलत. साळुंकी मान वाकडी करी आणि ऐके.

महिन्याभरात शंभरही साळुंक्या चोचीने पिंजऱ्यांच्या कड्या काढून गावभर उडू लागल्या आणि बोलू लागल्या. त्या माणसाच्या आवाजात बोलत. सोनाराच्या खिडकीत तेलिणीच्या आवाजात म्हणत, "सोनार मेला लबाड, त्याचा उमेदवार त्याहून लबाड." तेलिणीच्या दारात सोनाराच्या आवाजात म्हणत, "तेलिणीने उत्तरेच्या राजाची लुगडी घेतलीत." पाटाचं पाणी वाटणारी जिऊबाई आणि घोडदळाचा सर्जेराव हे दोघे उमेदवार. साळुंक्यांनी एका आळीत जिऊबाईला देवी केलं, दुसऱ्या आळीत हडळ केलं, सर्जेरावाचंही तेच. चार दाणे खरे, चाळीस खडे खोटे, पण आवाज ओळखीचा. लोकांनी आवाजावर विश्वास ठेवला.

सारजाबाईच्या शेजारी ठकूआक्का राहत असे. दोघींची तीस वर्षांची वाटीची देवघेव. एका सकाळी ठकूआक्का कुंपणाशी येऊन म्हणाली, "सारजे, तू माझ्याबद्दल जे बोललीस, ते साळुंकीने मला सांगितलं. आजपासून तुझं-माझं पाणीसुद्धा बंद."

"मी काय बोलले, आक्का?"

"ते तुझ्या तोंडालाच विचार."

सारजाबाईही तापली. कोनाड्यात ठकूआक्काची उसनी आणलेली पितळी वाटी होती, तळाशी दह्याचा थर वाळलेला. "देतच नाही जा," म्हणून तिने ती तशीच पालथी घातली.

अशी घराघरात अबोल्याची गाठ बसली. निवडीचा दिवस आला, पण उसनं मागायला कोण कुणाकडे जाणार? लोकांनी चोरून आपापल्या घरचंच विरजण आणलं. दोन्ही रांजणांतलं दूध नासलं. आणि त्याच दिवसापासून राज्यात कुठेच दूध विरजेना. वाटीतलं, लोटक्यातलं, रांजणातलं, सगळं फाटे. विरजण मुळातच मेलं.

चावडीवर ताम्रपट वाचला गेला. "तीन दिवसांत राजा न लाभल्यास शेजारच्या राजांनी येऊन व्यवस्था लावावी." शेजारच्या राजांनी आपापल्या व्यवस्था खिंडीच्या दोन्ही तोंडांशी आणून उभ्या केल्याच होत्या: हत्ती, घोडे, तोफा. मध्ये साठ भाले. त्यातला एक रखमाजीचा.

सारजाबाईला रडू फुटलं. ती परसात कडुनिंबाखाली जाऊन बसली. फांदीवर भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "बाई, रडून दूध विरजत नाही."

"मग काय केलं म्हणजे विरजेल?"

"क्षारनाथाच्या खारटेकडीत मिठाचा एक खडा आहे. तुमच्या राज्याच्या दुधात तोच पडला आहे. तो काढून आण. तीन गोष्टी कराव्या लागतील. दार उघडायचं, आवाज ओळखायचा, खरं बोलायचं."

"मला तलवार धरता येत नाही."

"चौकशी करता येते ना? तेवढी पुरे."

सारजाबाईने दोन भाकऱ्या बांधल्या आणि निघाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती खारटेकडीशी पोहोचली.

गुहेच्या दारात दोन पहारेकरी होते, ताडाएवढे उंच. एक वज्रकेतूचा, एक हेमांगीचा. दोघांनी भाले आडवे केले. "परवलीचा शब्द सांग, नाहीतर मर."

सारजाबाईने पदराने घाम पुसला आणि डाव्याकडे पाहिलं. "सांगते रे. पण बाळा, हा अंगरखा कुणी शिवला? काखेत उसवलाय. घरी कुणी आहे की नाही?"

तो राक्षसासारखा माणूस गोंधळला. सात वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "आई आहे," तो म्हणाला. "डोळ्यांनी अधू आहे."

"आणि तू रे? तुझं लग्न झालं का?"

"ठरलं होतं," उजवा म्हणाला. "याच्याच गावची मुलगी. सकाळी आमची राज्यं सोयरी होती. संध्याकाळी वैरी झाली. वरात अर्ध्या रस्त्यातून परत गेली."

"आणि आत्ता रे? आत्ता तुम्ही सोयरे की वैरी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आज अजून निरोप आलेला नाही," डावा म्हणाला.

"मग निरोप येईपर्यंत बसून भाकरी खा," सारजाबाई म्हणाली. तिने दोघांना एकेक भाकरी दिली. ते भाले टेकून जेवायला बसले आणि ती त्यांच्यामधून आत गेली. परवलीचा शब्द पुन्हा कुणी विचारला नाही.

आतल्या दालनात शंभर साळुंक्या खारं पाणी प्यायला जमल्या होत्या. रोज भर दुपारी त्या ऐकलेले आवाज इथे आणून ठेवत. वरून क्षारनाथाचा आवाज घुमला, "यांतल्या एका साळुंकीच्या गळ्यात तुझा आवाज आहे. ती ओळख. चुकलीस, तर एकशे एकावी साळुंकी तूच."

सारजाबाईने कान टवकारले. "ही शिंपीण, स बोलताना शीळ घालते. हा गुरव, वाक्याशेवटी खोकतो. ही पाटलाची धाकटी सून, माहेरच्या हेलात बोलते." आयुष्यभर भिंतीला लावलेले कान आज कामी आले. एकेक करता तिने नव्याण्णव साळुंक्या बाजूला काढल्या. शेवटी एक उरली. तिचा आवाज सारजाबाईने कधी ऐकला नव्हता. किरकिरा, चोंबडा, थोडा दुखावलेला.

"हा कुणाचा बाई?" ती पुटपुटली. मग तिचा चेहरा उतरला. आपला आवाज आपल्याला कुठे ओळखू येतो? "हीच," ती म्हणाली. "ही मी."

भिंत दुभंगली. पलीकडे क्षारनाथ बसला होता, दाढीत पांढरी खपली, समोर पेटी. पेटीचं झाकण उघडं. आत मोहरांचा ढीग, माणकं, पाचू, आणि तळाशी बोराएवढा मिठाचा खडा.

"मोहरा घे आणि घरी जा," तो म्हणाला. "सात पिढ्या बसून खातील."

"मला खडा हवा."

"खड्याला मोल आहे. मी विचारीन त्याचं खरं उत्तर. खोटं बोललीस तर जीभ माझी." तो हसला. "तुमच्या राज्यात साळुंकीला पहिलं निंदेचं वाक्य कुणी शिकवलं?"

ओसरीवरची ती दुपार तिला आठवली.

"मीच," ती म्हणाली. "मी म्हटलं, ठकूआक्काचं दही आंबट, तिच्या मनासारखंच. तिच्या दह्याला सगळी आळी नावाजते म्हणून म्हटलं. ते खोटं होतं. तिच्यासारखं दही राज्यात कुणाचं लागत नाही."

क्षारनाथाचं हसू मावळलं. "मला वाटलं होतं, माझ्यावर ढकलशील."

"तुझंही पाप आहेच की रे. मीठ तू टाकलंस. पण झाकण मी उघडं ठेवलं."

खडा डोंगराएवढा जड होता. हाताने उचलेना. सारजाबाईने पदर पसरला आणि तो ओटीत घेतला. ओटीत घेतलेलं बाईमाणसाला जड होत नाही. खडा फुलासारखा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती परतली. वाटेत तिने खडा नदीत टाकून पाहिला. नदी बाजूला सरली. दगडाने फोडून पाहिला, दगड फुटला. ती घरात शिरली, कोनाड्यातली पालथी वाटी उचलली आणि ठकूआक्काच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं. ठकूआक्का कमरेवर हात ठेवून उभी.

"आक्का, वाटी आणलीय."

"रिकामी?"

"उसनी वाटी रिकामी कशी परत करू?" सारजाबाईने ओटीतला खडा काढून दाखवला. "हे आणलंय. आणि खरं काय ते सांगायला आलेय. साळुंकी खोटं नव्हती बोलली. मी बोलले होते."

ठकूआक्काने वाटी हातात घेतली. तिचाही थोरला मुलगा खिंडीत होता. मग ती म्हणाली, "ठाऊक होतं मला. साळुंकीला कुठलं एवढं खवचट सुचायला!" आणि तिला हसूच आलं. सारजाबाईलाही आलं. दोघी उंबऱ्यावर बसून हसल्या आणि रडल्या.

"पण याचं करायचं काय?" सारजाबाईने विचारलं. "हा विरघळत नाही, फुटत नाही."

"अगं वेडे, मीठ दुधात पडलं तर नासवतं. पिठात पडलं तर चव आणतं. आण इकडे." ठकूआक्काने परात ओढली, खडा पिठात टाकला आणि वर पाणी घातलं. नदीत न विरघळलेला खडा दोघींच्या हाताखाली मुकाट्याने विरघळला. आळीला बोलावणं गेलं. बाया आधी भिंतीकडे तोंड करून बसल्या. पण तव्यावर भाकरी फुगली, वास सुटला आणि तोंडं वळली. सारजाबाई एकेकीला भाकरी वाढी आणि सांगे, "तुझ्याबद्दल मी हे बोलले होते, ते चूक." मग शिंपीण सांगू लागली, मग तेलीण.

तेवढ्यात ठकूआक्का ओरडली, "सारजे! ही वाटी!"

वाटीच्या तळाशी वाळलेला थर होता. साळुंक्या बोलू लागण्याआधीचं, उसनं आणलेलं दही. सगळ्या राज्यात तेवढंच विरजण जिवंत उरलं होतं. ठकूआक्काने त्यावर कोमट दूध ओतलं आणि वाटी उन्हात ठेवली. डोळ्यादेखत दही लागलं, कवडीसारखं घट्ट.

मग काय विचारता! वाटीतून पळी, पळीतून लोटकं. या दारातून त्या दारात, या आळीतून त्या आळीत विरजण धावलं, आणि विरजणाबरोबर भाकरीचा तुकडा. जुने-नवे सगळे अबोले सुटले. दुपारी चावडीपुढे नवे रांजण मांडले, नवी चादर घातली आणि राज्यातलं शेवटचं घरदेखील पळी घेऊन आलं. सूर्य डोंगराला टेकायच्या आत जिऊबाईच्या रांजणात दही असं लागलं, की पळी उभी राहिली.

सर्जेरावाने सर्वांत आधी मुजरा केला. "बाईसाहेब, खीर मागाहून वाढीन. आधी घोड्यावर बसा." दोघे खिंडीकडे दौडले. इकडून हत्ती हलले होते, तिकडून तोफा. साठ भाले छातीशी धरून रखमाजी आणि त्याचे सोबती उभे होते. पाटाची दारं लावून लावून जिऊबाईच्या तळहाताला घट्टे पडले होते. तोच हात तिने कवाडाला लावला. कवाड असं मिटलं, की दोन्हीकडच्या डोंगरांवरचे पक्षी उडाले.

मग दोन्ही राजांना कळलं, की क्षारनाथाने त्याच खिंडीचं वचन दोघांनाही दिलं होतं. वज्रकेतू हेमांगीला दोष देऊ लागला, हेमांगी वज्रकेतूला, आणि दोघेही तोफा वळवून घरी गेले. क्षारनाथाचा प्राण त्या खड्यात होता. तो तर राज्याने भाकरीबरोबर खाऊन टाकला. खिंडीच्या पायथ्याला आज जो खारट दगड आहे, आणि शेळ्या जो चाटतात, तो क्षारनाथ. साळुंक्या माणसांचे आवाज विसरल्या आणि स्वतःच्या आवाजात गाऊ लागल्या. डावा पहारेकरी आईकडे गेला. उजव्याच्या लग्नाला दोन्ही राज्यांचे वऱ्हाडी होते.

रखमाजी घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "काय ग, तुझी पळी कुठल्या रांजणात पडली?"

सारजाबाईने आयुष्यात एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली. ती ना नवऱ्याला सांगितली, ना ठकूआक्काला. साळुंकीला तर नाहीच नाही.

ही कहाणी तुम्हाला उसनी दिली आहे. वाटी रिकामी परत करू नये.