पाखरीने विचारलेलं गाव

घाटातून गाडीरस्ते नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. रंगोबुवा नावाचे प्रवचनकार पाखरी नावाच्या घोडीवर बसून गावोगाव फिरत. मुक्या जनावरांवर दया करा, हे ते इतक्या कळवळ्याने सांगत की ऐकणारे डोळे पुसत घरी जात.

एकदा भर उन्हात घाट चढताना पाखरी थांबली. बुवांनी टाच मारली, तशी ती चक्क बोलली.

"बुवा, काल देवळाबाहेर उभी राहून मी सगळं ऐकलं. मला रडू आलं. एवढंच सांगा, ते गाव कुठे आहे?"

"कुठलं गाव?" बुवा चाचरत म्हणाले.

"जिथे जनावर दमलं की माणूस आपणहून खाली उतरतो, ते. आपण तिकडेच चाललोय ना? मग मी चढेन."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच तिथे जायचं होतं.

बुवा उतरले. खोगीर रोज दुसरंच कुणी चढवून देई, त्यामुळे त्याखालची ओली जखम त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. खोगीर खांद्यावर घेऊन ते चालू लागले.

पुढच्या गावी लोक देवळात वाट पाहत होते. बुवा आसनावर बसलेच नाहीत. हळद-तेल मागून घेऊन ते अंगणात पाखरीच्या पाठीला लावत राहिले. तिने डोळे मिटले. लोक देवळातून बघत होते.

मग एक म्हातारा हळूच उठून आपल्या गोठ्याकडे निघाला. त्याच्यामागे आणखी एक उठला. बघता बघता देऊळ रिकामं झालं.