शेवंताने वाचलेला निकाल

तपासणीचे साहेब टॅब घेऊन शाळेत आले. पोरांनी वाचायचं आणि मशीनने ऐकून मार्क द्यायचे. माझी शेवंता हळू आवाजात वाचते, मशीनला काही ऐकूच गेलं नाही.

साहेब म्हणाले, "चौथीतली ही पोरगी दुसरीत बसवा. मशीन चुकत नाही."

मी तिथेच खिचडी रांधते. पळी घेऊनच वर्गात शिरले. "साहेब, मशीनने काय लिहिलंय ते तिलाच वाचू द्या."

शेवंताने टॅब घेतला आणि खणखणीत वाचलं, "शेवंता भिवा गावित. या विद्यार्थिनीला एकही वाक्य वाचता येत नाही."

सगळा वर्ग खो खो हसला.

मी म्हटलं, "पोरगी चौथीतच राहील, साहेब. दुसरीत तुमच्या मशीनला बसवा. आमच्या बाई चांगल्या शिकवतात."