आबांचा घास

एक होता पिटुक उंदीर. पिटुक म्हणजे अगदीच पिटुक, चिंचोक्याएवढा!

त्याचे एक आबा होते. आबांची एक मांडी होती. मांडीवर बसला की पिटुक जेवायचा, नाहीतर नाहीच.

एक दिवस आबाच नाहीत. मग मांडीही नाही!

शेजारची खारकाकू म्हणाली, "आबा वारले."

पिटुकला वाटलं, आबा वाऱ्याकडे गेले. येतील भाताला.

पण भात झालाच नाही. आबा आलेच नाहीत.

पिटुक गेला आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, आई, मांडी दे ना!"

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "चूल पेटू दे, मग उठते."

पिटुक गेला चुलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चुलीबाई, चुलीबाई, पेट ना! आई उठेना, मांडी मिळेना."

चूल म्हणाली, "काटक्या येऊ देत, मग पेटते."

पिटुक गेला शेवग्याच्या झाडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेवगेदादा, शेवगेदादा, काटक्या टाक ना! चूल पेटेना, आई उठेना, मांडी मिळेना."

शेवगा म्हणाला, "वारा हलू दे, मग टाकतो."

वारा? पिटुकची शेपटी ताठ! आबा तिथंच तर आहेत!

पिटुक गेला माळावर. तुरुतुरु तुरुतुरु... हुश्श!

"वारेबुवा, वारेबुवा, हला ना! शेवगा टाकेना, चूल पेटेना, आई उठेना, मांडी मिळेना. आणि माझे आबा द्या ना!"

वारा गवतात निजला होता. म्हणाला, "आबा माझ्याकडे नाहीत रे राजा. वारले म्हणजे मेले. आता ते येणार नाहीत."

"उद्या?"

"उद्याही नाही."

"मग तुम्ही हला तरी!"

"कसा हलू? सगळे गप्प, म्हणून मीही गप्प. कुणी आबांचं नाव घेऊ दे, मग हलतो."

पिटुकनं तोंड उघडलं. आधी आलं डोळ्यांतून पाणी. टप टप टप. मग आलं नाव.

"आबा! आबा! माझे आबाऽऽ!"

वारा हलला. सूंऽऽ सूंऽऽ!

शेवग्यानं काटक्या टाकल्या. कट् कट् कट्!

चूल पेटली. फुर्र फुर्र!

आई उठली. तीही म्हणाली, "आबा." तीही रडली. टप टप टप. मग तिनं भात टाकला. रटरट रटरट!

आणि आईनं घातली मांडी. आबांच्या मांडीसारखी नव्हती. पण उबदार होती. पिटुक चढून बसला.

"हा घास काऊचा, हा घास चिऊचा..."

"आणि हा आबांचा!"

"आबांचा घास कोण खाणार रे?"

"मी!" म्हणाला पिटुक. आणि त्यानं केला मोठ्ठा आऽऽ!

पातेलं सरलं, पोट भरलं, आबांचं नाव घरात उरलं.