झिंगलेली टीप

गलबतं शिडांवर चालत, तेव्हाची ही गंमत. एक फाटकं शीड शिवून घ्यायला शिंप्याच्या दुकानात आलं. तिथे दोन शिलाई मशिनी होत्या. एकीची टीप सुतासारखी सरळ, दुसरीची नागमोडी.

“ही बया झिंगल्यासारखी चालते,” पहिली फणकारली.

शिडाने विचारलं, “वारा आला, की तुमची टीप काय करते गं?”

“माझी तसूभर हलत नाही!” पहिली म्हणाली.

“माझी तुझ्याबरोबर ताणली जाते,” दुसरी खुदकन हसली.

शिडाने दोघींकडून अर्धं अर्धं शिवून घेतलं. भर समुद्रात वारा घुसला, शीड टम्म फुगलं आणि सरळ टीप तटातट उसवली. नागमोडी टीप मात्र ताणली गेली, आखडली, फुगडी घालत राहिली.

अर्धं लोंबतं शीड खिदळत परतलं. “शिंपीदादा, उरलेलं अर्धंही तिलाच द्या! झिंगलेलीनंच मला धड घरी आणलं!”