बाराव्या शेताचा दोष

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. एका नदीकाठच्या राज्यात एक शास्त्रीबुवा होते. माती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती कुठल्या शिवारातली हे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. त्या न चुकण्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

राज्यात माणसं वाढली तसं धान्य कमी पडू लागलं. राजाने शास्त्रीबुवांना उपाय शोधायला सांगितला. बुवा डोंगर पालथे घालून आले आणि त्यांनी एक पांढरा क्षार आणला. तो शेतात टाकला की ज्वारी डोक्याच्या वर जाई आणि कणसं गच्च भरत. पण एका हंगामावरून काही ठरवू नये, एवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. त्यांनी बारा गावांतली बारा शेतं निवडली आणि तीन वर्षं क्षाराचा प्रयोग करायचं ठरवलं.

अकरा शेतं तिन्ही वर्षं डोलत राहिली. बारावं शेत धुरपदा नावाच्या बाईचं होतं. जमीन उताराची, मातीचा थर जेमतेम वीतभर. तिथे पहिल्या वर्षी पीक छान आलं, दुसऱ्या वर्षी बेताचं, आणि तिसऱ्या वर्षी ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीच नाही.

धुरपदाने बुवांना जमीन खणून दाखवली. गांडुळं नाहीशी झाली होती. पाणी मुरत नव्हतं. माती विटेसारखी आवळून बसली होती. जाड थराची जमीन जे पुष्कळ वर्षं लपवून ठेवते, ते पातळ जमीन लवकर सांगते, हे त्यांना कळत होतं. पण प्रयोगाचा निकाल सांगायचा दरबार चार दिवसांवर आला होता आणि सगळं राज्य त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

दरबारात राजाने विचारलं, "त्या बाराव्या शेताचं काय?"

"ती बाई निष्काळजी आहे, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. "तिने मशागत नीट केली नाही."

राजाने मान हलवली. बुवांच्या खांद्यावर शाल पडली आणि सगळ्यांनी शेतात क्षार टाकावा अशी गावोगाव दवंडी पिटली गेली. त्यानंतर बुवांना आपलं ते वाक्य हळूहळू खरंच वाटू लागलं. माणसाला असं वाटायला फार दिवस लागत नाहीत.

सात वर्षं गेली. मग एकेका गावातून तक्रारी येऊ लागल्या. नांगराचे फाळ वाकत होते, पावसाचं पाणी शेतावरून वाहून जात होतं, पेरलेलं उगवत नव्हतं. राजाने कारण शोधायला पुन्हा शास्त्रीबुवांनाच पाठवलं.

ते गावागावांतून पायी हिंडले. जिथे खणलं तिथे तीच विटेसारखी माती. बाराव्या गावाला जायचं ते टाळत राहिले, आणि टाळता येईना तेव्हा गेले.

धुरपदाचं शेत त्यांनी ओळखलं नाही. उतारावर अरुंद पट्टे आखलेले होते. काही उजाड होते, काही हिरवेगार. तिने बुवांना ओळखलं, बांधावर घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

गावाने तिला वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. जिच्या हाताने राजाचा प्रयोग फसला, तिचा हात आपल्या बियाण्याला नको, असं लोक म्हणत. पेरणीला, पेरणीच्या जेवणाला तिला कुणी बोलावत नसे. हे तिने थोडक्यात सांगितलं आणि मग ती पट्ट्यांकडे वळली.

"सात वर्षं मी माझी चूक शोधतेय, शास्त्रीबुवा. या पट्ट्यात जास्त कुळवलं, त्या पट्ट्यात पेरणी लवकर केली. पण क्षार टाकला की कुठलाच पट्टा टिकत नाही. जिथे क्षार बंद केला, शेणखत नि पाचोळा घातला, ज्वारीमागून मूग घेतला, तिथे गांडुळं परत आली. माझी चूक मात्र सापडली नाही. तुम्ही जाणते आहात. माझं काय चुकलं होतं?"

वाटेत शास्त्रीबुवांनी मनाशी बरीच उत्तरं जुळवली होती. वारं बदललं, पाऊस बदलला. ते पट्टे पाहिल्यावर ती सगळी पोकळ वाटली. जे काम त्यांनी करायला हवं होतं, ते या बाईने केलं होतं, आणि तेही स्वतःला दोषी समजून. त्यांना मान वर करवेना.

"तुमचं काहीच चुकलं नव्हतं," ते कसेबसे म्हणाले. "माती मरतेय हे मला तेव्हाच कळलं होतं. मी दरबारात खोटं बोललो."

धुरपदा म्हणाली, "मला निष्काळजी म्हटलंत ते चारचौघांत. हे मात्र बांधावर सांगताय."

शास्त्रीबुवा उठले. त्याच दुपारी चावडीवर उभं राहून त्यांनी गावाला सगळं सांगितलं. नंतर उरलेल्या अकरा गावांत सांगितलं आणि शेवटी दरबारात. सांगून सांगून लाज कमी होईल असं त्यांना वाटलं होतं, तसं झालं नाही.

राजाने त्यांचं पद काढून घेतलं आणि जमिनी सुधारण्याचं काम धुरपदाच्या हाती दिलं. बुवा तिच्या मागोमाग शेणखताच्या पाट्या वाहत गावोगाव गेले. माती बिघडायला जितकी वर्षं लागली, त्याच्या दुप्पट ती सुधारायला लागली. गावकऱ्यांनी धुरपदाची क्षमा मागितली. तिने सगळ्यांना बियाणं दिलं, मशागत शिकवली, पण पेरणीच्या जेवणाला ती कुणाच्याच घरी बसली नाही. आणि शिवारं हिरवी झाल्यावरही, कुणी आदराने 'शास्त्रीबुवा' म्हणून हाक मारली की त्या म्हाताऱ्याची नजर खाली जाई.

तात्पर्य : नकोशा सत्याला दुसऱ्याची चूक म्हणू नये, त्याने सत्य बदलत नाही, निरपराध मात्र भरडला जातो.