ज्वाळोबाची राखण

“आणि समजा, तो जायला तयारच नसेल तर?” सुभानजीने विचारले.

डोंगरनाथांनी एक डोळा उघडला. “कोण?”

“हा.”

सुभानजीने अंगठ्याने पाठीमागे दाखवले. मागे दोन हातांच्या अंतरावर ज्वाळोबा उभा होता. उंची ताडमाड, मिशा पेटत्या, कपाळाला कायमची आठी. अग्निकुळातला देव. हसणे त्याला ठाऊक नव्हते आणि शिकून घ्यायची हौसही नव्हती. पण या घडीला तो सुभानजीकडे पाहत नव्हता. तो नाथांच्या धुनीकडे पाहत होता.

धुनी विझलेली होती.

“कधीपासून?” ज्वाळोबाने दरडावले.

“सोमवारपासून असेल,” नाथ म्हणाले. “विसरलो.”

 ज्वाळोबाने नुसते बोट केले आणि धुनी भडकली. मग लाकडे ओली आहेत, राख वेळच्या वेळी काढलेली नाही आणि चिमटा भलत्याच जागी पडला आहे, हे सगळे सुनावून तो पुन्हा सुभानजीच्या मागे जाऊन उभा राहिला.

“बघितलंत?” सुभानजी म्हणाला. “बावीस वर्षं हे असं चाललंय.”

त्याचे असे झाले होते. सुभानजी अकरा महिन्यांचा असताना तापाने फणफणला. वैद्याने हात टेकले. तेव्हा त्याच्या आईने त्याला ज्वाळोबाच्या ठाण्यावर नेले, पोराच्या कमरेला काळा करदोटा बांधला आणि गाठ मारता मारता देवाला बजावले, ‘ही गाठ आहे तोवर माझ्या लेकराला सोडायचं नाही.’ बाई कोणाला बजावते आहे याचे तिला भान नव्हते. देव कडक, पण शब्दाचा पक्का. ताप उतरला. पुढे काही वर्षांनी आई वारली. पोर वाढले, हाती तलवार आली, आणि देव आपला पाठीशी उभा तो उभाच.

“सात लढाया झाल्या, महाराज,” सुभानजी म्हणाला. “अंगावर साधा ओरखडा नाही.”

“बरं आहे की.”

“बरं कसलं? मी तलवार उपसायच्या आत समोरच्याची मिशी पेटलेली असते. तो मिशी विझवील की माझ्याशी लढेल?”

नाथांनी यावर खरोखरच विचार केला. “मिशी विझवील,” ते म्हणाले.

“गेल्या खेपेला जिंकून परत आलो. गावाने वेशीवर हार आणला होता. तो घातला याच्या गळ्यात.”

“ओला होता,” ज्वाळोबा मागून म्हणाला. “धूर फार झाला.”

“सोयरीक बघायला गेलो. मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो? मी तोंड उघडतोय तोवर हा म्हणाला, सकाळी उशिरा उठतो.”

“उठतो,” ज्वाळोबा म्हणाला.

नाथांनी सुभानजीकडे पाहिले. सुभानजीने मान खाली घातली. उठत होता तो उशिरा, त्यात खोटे काही नव्हते.

 इतका वेळ तक्रारीच्या सुरात जे निभावले होते ते पुढे निभेना.

“उद्या सकाळी नदीच्या उथळ उताराला एकास एक जोड आहे,” तो म्हणाला. “तांबेखोरीचा बळवंता आणि मी. ज्याचा गुडघा जमिनीला टेकेल, त्याच्या गावची गुरं यंदा काठच्या कुरणात चरायची नाहीत. गावानं माझं नाव दिलंय. माझं म्हणजे… याचंच.”

“भीती वाटते?”

“तेच तर मला माहीत नाही, महाराज. भ्यायची पाळीच आली नाही कधी. मी शूर आहे की नुसता याच्या पुढं उभा असतो, एवढं एकदा तरी कळायला नको का? गडी म्हणून मिरवतो चारचौघांत. रात्री पडल्या पडल्या वाटतं, आपण काठी आहोत नुसती. टोकाचा पेटता पलिता दुसराच आहे.”

ज्वाळोबा चिमटा उचलून जागेवर ठेवू लागला. एरवी तो बोलला असता.

“याला मोकळा करा,” सुभानजीने हात जोडले. “आईनं मारलेली गाठ मला सोडवत नाही, तुम्ही सोडा. उद्या पडलो तर पडलो. पण मी पडलो असं तरी होईल.”

नाथांनी हात पुढे केला. “दाखव करदोटा.”

सुभानजीने शेला सैल केला. उजवीकडे चाचपले, डावीकडे चाचपले. मग पाठीकडे हात नेला. मग पुन्हा उजवीकडे, जणू एवढ्यात तो तिथे परत आला असेल.

“असायला हवा होता…” तो म्हणाला.

नाथ थांबून राहिले. घाई त्यांना कशाचीच नसे.

“तालमीत तुटला वाटतं. हां, तालमीतच. कोनाड्यात ठेवला होता, संध्याकाळी बांधू म्हणून.”

“आज सकाळी?”

“नाही. मी सतरा वर्षांचा असताना.”

धुनीत एक लाकूड तडकले. सुभानजी कमरेला हात लावून तसाच उभा राहिला. सहा वर्षे झाली होती. सहा वर्षांत त्याने शेला किती वेळा बांधला, किती वेळा सोडला, आणि एकदाही त्याच्या ध्यानात आले नव्हते. देव मागे आहे म्हणजे दोरा जागेवर आहे, असे तो धरून चालला होता.

नाथ ज्वाळोबाकडे वळले.

“देवा, गाठ तुटली होती. तुला कळलं नाही?”

ज्वाळोबाच्या मिशांची आच जरा उतरली.

“…कळलं होतं.”

“कधी?”

“त्याच दिवशी.”

“मग गेला का नाहीस?”

ज्वाळोबाने धुनीतली राख पाहिली, चिमटा पाहिला, झाडावरचा कावळा पाहिला. बघण्यासारखे आणखी काही उरले नाही तेव्हा तो म्हणाला,

“याचं डावं पाऊल अजून चुकत होतं.”



सुभानजी वळून देवाकडे पाहत राहिला. आपल्याला रोज सकाळी गदागदा हलवून उठवणारा हा देव केवळ नाइलाजाने आपल्या वाट्याला आला आहे, असे समजून त्याने सहा वर्षे त्याचा मनसोक्त राग केला होता. आता इतका सगळा राग ठेवायचा कुठे, ते त्याला कळेना.

“आता चुकतं का पाऊल?” नाथांनी विचारले.

“थोडंसं,” ज्वाळोबा म्हणाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, “घाईत असला की बरंच.”

सुभानजीने शेला करकचून बांधला.

“उद्या तू काठावर बसायचं,” तो देवाला म्हणाला. “पाण्याच्या अलीकडे. ठिणगी सोडायची नाही. खाकरायचंसुद्धा नाही.”

“आणि तुझा गुडघा टेकला तर?”

“टेकला तर टेकला. माझा आहे तो.”

“त्या बळवंताची मिशी बरीच झुपकेदार आहे म्हणतात.”

“देवा.”

“नुसतं सांगितलं.”

बोलणे संपले होते. उन्हे कलायच्या आत सुभानजीला गाव गाठायचे होते, पण त्याचा पाय निघेना. त्याने ओले तळहात शेल्याला पुसले, ते पुन्हा ओले झाले. हीच ती भीती असावी, त्याच्या मनात आले. लोक म्हणतात ती. त्याला वाटले होते तेवढी वाईट नव्हती, पण चांगलीही नव्हती.

आणि मग बावीस वर्षांत जे त्याने कधी पाहिले नव्हते ते पाहिले. ज्वाळोबा खाली बसला. मांडी घालून, साध्या माणसासारखा, नाथांच्या पुढ्यात.

“नाथबुवा,” तो म्हणाला, “मला जमायचं नाही.”

“काय?”

“काठावर बसणं. हा घसरला की माझा हात सुटेल. मी ओळखतो मला.” एवढा मोठा देव, पण आवाज पार खाली आला होता. “मला बांधून घाला. उद्या दुपारपर्यंतच. बेडी घाला, साखळदंड घाला, डोंगर ठेवा अंगावर. मी हूं का चूं करणार नाही.”

नाथ उठले.

ते आत जाऊन काहीतरी दणकट लोखंड काढतील, अशी सुभानजीची अटकळ होती. नाथ आत गेले नाहीत. त्यांनी अंगावरच्या छाटीच्या काठातून एक दोरा ओढला, दातांनी तोडला आणि ज्वाळोबाच्या मनगटाला दोन वेढे देऊन वर साधी गाठ मारली. पुरचुंडी बांधतात, तशी.

ज्वाळोबाने श्वास रोखला. त्याच्या मिशा फटकन विझल्या. हात अंगापासून जेवढा लांब धरता येईल तेवढा लांब धरून, डोळ्यांची पापणी न हलवता, तो दोऱ्याकडे पाहत बसला.

सुभानजी नाथांजवळ सरकला.

“महाराज,” तो कुजबुजला, “अग्नी आहे तो. आणि हे सूत. जळून जाईल.”

“जाईल की,” नाथ म्हणाले. “म्हणून तर त्याला जपायला दिलं.”